संस्कृत येत असेल तर हित्ती सोपी जाते का?

शाईदौत (रवि, रात्री १०:४२)

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी टूरबरोबर तुर्कस्तानला गेलो होतो. कप्पाडोकियाचे फुगे, गालिच्याच्या दुकानात दोन तास आणि अंकाराच्या संग्रहालयाला मोजून पन्नास मिनिटं. आमचा गट चहा प्यायला गेला आणि मी एका काचेच्या कपाटासमोर अडकलो. आत तळहातापेक्षा जरा मोठी मातीची वीट. त्यावर इतकी बारीक अक्षरं की चष्मा काढून नाक काचेला लावावं लागलं. उजव्या कडेला ओळ मावली नाही म्हणून लिहिणाऱ्याने ती तशीच कडेवरून मागच्या बाजूला नेलेली. आपण पोस्टकार्डावर जागा संपली की समासात उभं लिहायचो ना, अगदी तसं. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची जागा पुरली नाही, हे बघून काय वाटलं ते सांगता येत नाही.

तर ती भाषा हित्ती. घरी येऊन वाचलं की ती संस्कृतची दूरची बहीण आहे. बी.ए.ला माझं संस्कृत होतं, नंतर बत्तीस वर्षं बँकेत काढली. आता वेळ आहे. संस्कृतचा पाया असेल तर ही भाषा सोपी जाते का? कुणी शिकलंय का? सुरुवात कुठून करावी?

कंदीपेढा (रवि, रात्री १०:५५)

आधी मोडी शिका काका. ती निदान वडिलोपार्जित जमिनीच्या कज्ज्यात उपयोगी पडेल.

टकमकटोक (रवि, रात्री ११:०३)

हित्ती आणि हत्ती यांचा काही संबंध? खिल्ली नाही, खरंच विचारतोय.

निवडुंग (सोम, पहाटे २:२०)

जर्मनीत असते, त्यामुळे वेळ अशी दिसते.

@टकमकटोक, हत्तीशी संबंध नाही, पण नावाचा घोळ मात्र खराच आहे. त्या देशाचं नाव हात्ती. पण हात्ती हे मुळात त्यांच्या आधी तिथे राहणाऱ्या लोकांचं नाव आणि त्या लोकांची भाषा सर्वस्वी निराळी, संस्कृत-लॅटिन-इंग्रजी ज्यात येतात त्या इंडो-युरोपीय कुळातली नव्हेच. नंतर आलेल्यांनी देशाचं नाव तेच ठेवलं. स्वतःच्या भाषेला ते ‘नेशिली’ म्हणत, म्हणजे नेशा गावची. हे नेशा म्हणजे आजच्या कायसेरीजवळचं क्युलतेपे. तिथे असिरियन व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या आणि त्यांची २०,००० हून जास्त पत्रं-हिशेब सापडलेत. त्या असिरियन पत्रांत अधूनमधून ‘इश्हिउल’ (करार) नि ‘इश्पतल’ (रात्रीचा मुक्काम) असे स्थानिक शब्द घुसलेत. हित्तीचे सगळ्यात जुने पुरावे हेच. म्हणजे ही भाषा आपल्याला पहिल्यांदा भेटते ती परक्या व्यापाऱ्याच्या वहीत, लॉजच्या खर्चात.

@शाईदौत, मी इथे भाषाविज्ञान करताना दोन सत्रं हित्ती घेतली होती. वर्गात चार जण, त्यातला एक झोपायचा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, पण तुम्हाला वाटतंय तिथे नाही’ असं आहे. सविस्तर नंतर लिहिते. आधी ही भाषा कळली कशी ते ऐका, कारण तुमचा पहिला धडा तोच असणार आहे.

१९०६ साली विंकलर आणि माक्रिदी यांनी बोआझकोई इथे खोदायला सुरुवात केली आणि राजधानी हात्तुशाचं दप्तरच हाती लागलं. सगळ्या उत्खननांतले मिळून तुकडे आता ३०,००० च्या घरात आहेत. लिपी क्यूनिफॉर्म, म्हणजे ओल्या मातीत टोचलेली पाचरीच्या आकाराची अक्षरं, अभ्यासकांच्या ओळखीची. अक्षरं वाचता येत होती, अर्थ लागत नव्हता. १९०२ मध्येच क्नुत्सोन नावाच्या नॉर्वेजियन विद्वानाने इजिप्तमध्ये सापडलेल्या अशाच दोन पत्रांवरून ही इंडो-युरोपीय दिसते असं म्हटलं होतं. त्यावर इतकी टीका झाली की त्याने पुढे ते मागे घेतलं. मग पहिल्या महायुद्धात, अंगावर ऑस्ट्रियाच्या सैन्याचा गणवेश असताना, बेद्रिख ह्रोझनी या चेक माणसाने एक ओळ पकडली:

नु निंदा-अन एत्सात्तेनि, वातर-मा एकुत्तेनि.

यातलं ‘निंदा’ हे सुमेरी, म्हणजे इराकमधल्या त्याहून जुन्या भाषेचं चिन्ह. हित्ती लेखनिक कितीतरी शब्द सुमेरी चिन्हांनीच लिहीत. निंदा म्हणजे भाकरी, हे आधीपासून माहीत होतं. भाकरी आहे तर पुढे खाणं असणार. एत्सा म्हणजे जर्मन ‘एसेन’, लॅटिन ‘एदो’, आपला अद् धातू, ज्याच्यापासून अन्न झालं. आणि वातर तर इंग्रजी शाळेतलं पोरही सांगेल. ‘भाकरी खाल, पाणी प्याल.’ १९१५ मध्ये त्याने हे जाहीर केलं. या वेळीही लोक हसले, पण याने मागे घेतलं नाही.

कंदीपेढा (सोम, सकाळी ८:१०)

निंदा खा आणि वर पाणी प्या. आमच्या ऑफिसची हीच कार्यपद्धती आहे, क्यूनिफॉर्म फक्त वापरत नाही.

चिंचगुळ (सोम, सकाळी ८:३१)

हसून हसून पुरेवाट! सासरी पण हाच नियम :))

पाटीपुस्तक (सोम, दुपारी १:१५)

मी शाळेत संस्कृत शिकवते. निवडुंग ताईंचा प्रतिसाद वाचून मधल्या सुट्टीत शब्द शोधत बसले आणि डबा तसाच राहिला.

‘आहे’ला हित्तीत एश्त्सि, ‘आहेत’ला अशन्त्सि. आपलं अस्ति, सन्ति. ‘मारतो’ क्वेन्त्सि, ‘मारतात’ कुनन्त्सि. आता हन्ति, घ्नन्ति आठवा! नववीच्या मुलांना हन् चालवायला दिला की घ्नन्ति कुठून आलं म्हणून ती माझं डोकं खातात. ‘पाठ करा’ हेच माझं आजवरचं उत्तर. एकवचनात स्वर टिकतो आणि अनेकवचनात गळतो, ही खोड दोन्ही भाषांत जशीच्या तशी आहे. म्हणजे ती पाणिनीच्या कितीतरी आधीची.

आणखी एक. संस्कृतमध्ये रक्ताला असृक्, पण षष्ठीत अस्नः. क् जाऊन न् कुठून येतो? हित्तीत रक्त एश्हर, षष्ठी इश्हनाश. पाणी वातर, षष्ठी वितेनाश. तिथे र् आणि न् ची ही अदलाबदल चालू कारभार आहे, शेकड्याने शब्द तसे चालतात. आपल्याकडे यकृत्-यक्नः, असृक्-अस्नः अशी चार-दोन पडकी घरं उरलीत. आम्ही त्यांना अपवाद म्हणून शिकवतो.

सगळ्यात गंमत: यूकन म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू! संस्कृत युग, प्राकृत जुअ, मराठी जू. आमच्या गावच्या घरी माळ्यावर एक पडलंय.

टकमकटोक (सोम, दुपारी १:४०)

म्हणजे माळ्यावर हित्ती अवशेष आहेत. पुरातत्त्व खात्याला कळवू का?

भूर्जपत्र (सोम, रात्री ९:०५)

इथे मुद्दाम एक गोष्ट टाळली जात आहे. याच बोआझकोईच्या करारात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य या वैदिक देवतांना साक्षी ठेवले आहे. म्हणजे हित्ती हे वैदिक लोकच होते आणि इथूनच तिकडे गेले, हे सूर्यप्रकाशाइतके स्वच्छ आहे. पाश्चात्य विद्वानांनी हे दडवले.

कंदीपेढा (सोम, रात्री ९:०७)

आला. पॉपकॉर्न लावतो.

निवडुंग (सोम, रात्री ११:५०)

दडवलं कुठे? खोदणाऱ्या विंकलरनेच १९०७ मध्ये छापून टाकलं.

करार आहे हित्ती राजा शुप्पिलुलिउमा आणि शेजारच्या मित्तानी राज्याचा शत्तिवाझा यांच्यातला, इसवीसनपूर्व चौदाव्या शतकातला. करारात दोन्ही बाजूंचे देव साक्षीला असतात. मित्र, वरुण, इंद्र, नासत्य येतात मित्तानीच्या बाजूच्या यादीत, तेही बऱ्याच इतर देवांनंतर. हित्तींच्या बाजूला वादळदेव, अरिन्नाची सूर्यदेवी आणि त्यांचे ते प्रसिद्ध ‘हजार देव’. मित्तानीची सामान्य प्रजा हुरियन बोलायची, जी ना संस्कृतच्या जवळची ना हित्तीच्या. राजघराण्याची नावं, काही देव आणि घोड्यांचे शब्द तेवढे इंडो-आर्यन, म्हणजे संस्कृतच्या शाखेतले. ही दोन प्रकरणं निराळी आहेत. एकाच गावच्या दप्तरात सापडली म्हणून जुळी वाटतात.

हित्ती आपल्या भाषेची आई नाही, मुलगीही नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते मूळ कुटुंबातून सर्वांत आधी वेगळी निघालेली ही शाखा. आणि देवांची यादी वाचून लोक कुठल्या दिशेने चालत गेले ते कळत नाही. यादीला पाय नसतात.

भूर्जपत्र (मंगळ, सकाळी ७:३०)

मैक्समुलरची पिलावळ.

संपादक (मंगळ, सकाळी ९:००)

वरील विषयावर स्वतंत्र धागे आहेत, त्यातले तीन कुलूपबंद आहेत. हा चौथा होऊ नये. व्यक्तिगत शेरे उडवले जातील.

रिकीब (मंगळ, सकाळी ११:२२)

घोड्यांचे शब्द म्हणालात म्हणून बिळातून बाहेर आलो. मी घोडे फिरवतो, शिकवतो, भाषेतलं मला काही कळत नाही. पण किक्कुली आमच्यात माहीत आहे.

हा मित्तानीचा अश्वशिक्षक. हित्तींच्या दरबारासाठी त्याने रथाचे घोडे तयार करण्याची पुस्तिका लिहिली, चार विटांवर. काही महिन्यांचा रोजचा कार्यक्रम आहे. आज किती पळवायचं, किती चालवायचं, कधी नदीवर नेऊन धुवायचं, कधी झूल घालून घाम काढायचा, चारा किती नि कधी. भाषा हित्ती, पण फेऱ्यांचे आकडे तुम्ही म्हणता त्या इंडो-आर्यनमधले: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नववर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ फेऱ्या. (नववर्तन्न लिहिताना एक ‘व’ खाल्लाय, माणूस घाईत असावा.)

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आमचे उस्ताद पण सगळं हिंदीत बोलायचे आणि चाल सांगताना मात्र उर्दू. धंद्याचे शब्द ज्याच्याकडून विद्या आली त्याचेच राहतात.

निवडुंग (मंगळ, दुपारी ४:१५)

@रिकीब, क्या बात! आणि त्यात ‘ऐक’ हा आकडाच निर्णायक आहे. इराणी शाखेत एकला ऐव म्हणतात, ‘क’ आपल्या शाखेतला. एका ‘क’वरून ओळख पटली.

तुमच्यासाठी भेट: क्यूनिफॉर्ममध्ये घोडा लिहितात ‘डोंगरमुलखातलं गाढव’ असा, सुमेरी चिन्हांत. हित्ती लेखनिक जवळजवळ नेहमी तेच लिहितात, त्यामुळे त्यांच्या तोंडचा शब्द आड राहतो. शेजारच्या लुवियन भाषेत मात्र तो मोकळा लिहिलेला सापडतो: अझु. अश्व.

रिकीब (मंगळ, दुपारी ४:४०)

डोंगरी गाढव. उद्या तबेल्यात सांगतो, दोघांना तरी राग येईल.

फिरस्ती (मंगळ, रात्री १०:१०)

आम्ही दोघं टूर टाळून गेलो होतो. अंकाराहून भाड्याची गाडी, पूर्वेला अडीच-तीन तास. बोआझकोईचं नाव आता बोआझकाले. गाव म्हणजे एक रस्ता, चहाची टपरी, दोन घरगुती लॉज नि कोंबड्या. आणि वर डोंगरभर पसरलेली राजधानी, तटाचा घेरच सहा किलोमीटरच्या वर. वाऱ्याने टोपी गेली ती गेलीच.

सिंहद्वार वगैरे फोटोत असतंच. मला आवडलं ते येरकापी, तटाखालचं दगडी भुयार, सत्तर मीटर लांब. आत थंडगार आणि शेवटी उजेडाचा त्रिकोण. शंभर वर्षं अभ्यासक, पर्यटक, शाळेच्या सहली तिथून गेल्या. २०२२ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की भिंतीच्या दगडांवर रंगाने काढलेली लुवियन चित्राक्षरं आहेत. मोजली तर २४९! आम्ही त्याच्या आधी गेलो होतो. भिंतीला हात लावत लावत चाललो होतो हो, अंधार होता म्हणून.

आणि २०२३ मध्ये तिथेच एक नवीन भाषा सापडली. हित्ती मजकुरात मध्येच ‘आता कलश्म देशाच्या भाषेत म्हणायचं’ अशी सूचना आणि पुढे कुणालाच ठाऊक नसलेल्या, हित्तीच्याच (अनातोलियन) शाखेतल्या भाषेतला मंत्र. पूजा सांगताना गुरुजी ‘आता तुमच्या घरची आरती म्हणा’ म्हणतात तशातला प्रकार दिसतो.

चिंचगुळ (बुध, सकाळी १०:४८)

लुवियनवरून: ती चित्राक्षरं नीट लागली ती दक्षिण तुर्कस्तानातल्या कारातेपेच्या द्वैभाषिक लेखामुळे. एकच मजकूर फिनिशियनमध्ये आणि लुवियनमध्ये. १९४६ पासून जर्मन पुरातत्त्वज्ञ बोसर्टबरोबर तिथे होत्या हालेत चांबेल. या बाई १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानकडून तलवारबाजी खेळल्या, हिटलरची भेट घ्यायला नकार दिला आणि नंतर आयुष्य त्या डोंगरातल्या दगडांना दिलं. शिल्पं उचलून शहरात न नेता तिथेच छप्पर घालून राखली. ९७ वर्षं जगल्या. आमच्याकडे जरा तलवारबाजीचा क्लास लावते म्हटलं तर ‘या वयात?’

अवांतर: हित्ती राणी पुदुहेपाची पत्रं वाचा. मुलगी रामसेसला द्यायची ठरली. तिकडून तगादा, मुलगी लवकर पाठवा, बरोबर येणाऱ्या गोष्टीही पाठवा. बाई उत्तर देतात की आमचं कोठार जळालंय, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या भावाकडे (म्हणजे रामसेसकडे) काहीच नाही का, की माझ्याकडून श्रीमंत व्हायचंय? हे शोभत नाही. इजिप्तच्या फॅरोला! आपल्याकडे बैठकीत इतकं स्पष्ट बोलणारी विहीण मी अजून पाहिली नाही.

दवाखानाबंद (बुध, रात्री ११:३०)

डॉक्टर आहे, म्हणून माझं लक्ष दुसऱ्याच विटेकडे गेलं. राजा मुर्शिली (दुसरा) सांगतो: रथातून जात होतो, वादळ आलं, भयंकर गडगडाट झाला, मी घाबरलो आणि तोंडातला शब्द लहान झाला, कसाबसा थोडा थोडा वर येई. मग त्याने ते मनावेगळं केलं. वर्षं गेली. पुढे ते स्वप्नात येऊ लागलं आणि एका झोपेत देवाचा हात लागून तोंड एका बाजूला गेलं.

इतका नेटका पूर्वेतिहास ओपीडीत मला कुणी देत नाही. निदान करायचा मोह आवरतो, रुग्ण तपासणीसाठी उपलब्ध नाही. उपचार म्हणून एक बैल सजवून, त्या दिवशी अंगावर असलेले कपडे आणि तो रथ त्याच्याबरोबर देऊन दूरच्या देवळात पाठवला. गुण आला की नाही ते लिहिलेलं नाही. म्हणजे फॉलोअपला येत नाहीत ही तक्रारही जुनीच.

टकमकटोक (गुरु, सकाळी ९:१२)

‘तोंडातला शब्द लहान झाला’. इंटरव्ह्यूत माझं हेच झालं होतं.

नियमावली (गुरु, दुपारी २:०५)

मी वकील. यांचे कायदे बघितले, सुमारे दोनशे कलमं आहेत. पुष्कळ कलमांत एकच घाट: ‘कारू’ म्हणजे पूर्वी असं होतं, ‘किनुन’ म्हणजे आता असं आहे. आंधळं केलं किंवा दात पाडला तर पूर्वी ४० शेकेल चांदी, आता २०. मधमाश्यांची पोळी चोरली तर पूर्वी चोराला माश्यांसमोर उभं करायचे, आता ६ शेकेल द्या. सुधारणा कायद्याच्या पोटातच लिहून ठेवलीय, राजपत्र वेगळं शोधायला नको. आणि हो, स्वतंत्र माणसाचं नाक चावून तोडलं तर ४० शेकेल. स्वतंत्र कलम आहे म्हणजे हे वारंवार होत असणार.

चिंचगुळ (गुरु, दुपारी २:३०)

मधमाशीवरून तेलिपिनूची गोष्ट आठवली. हा देव रागावतो, इतका की उजवा जोडा डाव्या पायात नि डावा उजव्यात घालून तरातरा निघून जातो. मग खिडक्यांत धूर कोंडतो, चुलीत लाकडं घुसमटतात, मेंढी कोकराला जवळ घेत नाही, गाय वासराला. सगळे देव शोधून थकतात. शेवटी एक म्हातारी देवी मधमाशीला पाठवते. ती त्याला शोधून हातापायांना चावते. तो जागा होतो आणि आणखीच भडकतो!

उलटे जोडे घालून घराबाहेर पडलेला माणूस मी पाहिलाय. बाबा. १९८८, गणपतीच्या आदल्या दिवशी, मखरावरून भांडण.

कंदीपेढा (गुरु, दुपारी २:४४)

कोण चावलं त्यांना?

चिंचगुळ (गुरु, दुपारी २:५०)

आत्या. :))

शाईदौत (गुरु, रात्री ९:३०)

सगळ्यांचे आभार. धागा कुठल्या कुठे गेला, पण आनंदाने वाचतोय. निवडुंग ताई, तुमचं ‘हो, पण’ राहिलं आहे. शिवाय ते शब्दकोश वगैरे?

अनुस्वार (शुक्र, सकाळी ८:२०)

शब्दकोशाचं मी सांगतो. शिकागोचा हित्ती शब्दकोश १९७० च्या दशकात सुरू झाला, तो ‘ल’पासून! कारण ‘अ’पासून एक कोश म्युनिकमध्ये आधीच चालू होता. मग ल, म, न, प, श असं करत चाललेत. आपल्या डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश १९४८ मध्ये डॉ. कत्रे यांनी सुरू केला, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला, खंडांमागून खंड निघतायत आणि अजून ‘अ’ चालू आहे. अमेरिकेतल्या लोकांनी मधूनच सुरुवात केली, आपण अ सोडायला तयार नाही. दोन्हीकडे कार्ड लिहिणारी माणसं आयुष्यं घालवतात. मी येरवड्याच्या त्या इमारतीत एकदा ती स्लिपांची कपाटं पाहिली आहेत. लाकडी खण ओढला की जुन्या कागदाचा वास येतो आणि आवाज आपोआप खाली येतो.

शिकागोचा कोश फुकट उतरवून घेता येतो, काका. एवढं तरी आजच करा.

निवडुंग (शनि, पहाटे १:१०)

आता ते ‘हो, पण’.

संस्कृत कुठे कामाला येतं? विभक्त्या, धातू चालवणं, ‘या शब्दाला आठ रूपं आहेत’ म्हटल्यावर न घाबरणं. माझ्या वर्गातली जर्मन मुलं षष्ठीला दचकायची नाहीत, पण बाकीच्यांना दचकायची. आणि हित्ती तर संस्कृतपेक्षा हलकी आहे. द्विवचन नाही, परोक्ष भूतकाळाचा तो पसारा नाही. लिंगं दोनच: एक सजीव-सामान्य, एक नपुंसक. स्त्रीलिंगच नाही!

आणि ‘ह’. ही हित्तीची कमाल. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने एकविसाव्या वर्षी, १८७९ च्या प्रबंधात नुसत्या हिशेबाने म्हटलं होतं की मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत, जे सगळ्या मुलींनी गमावले. कुठल्याच भाषेत ते दिसत नव्हते. तो १९१३ मध्ये वारला, दोन वर्षांनी हित्ती उलगडली, आणि १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविचने दाखवलं की तो हरवलेला ध्वनी हित्तीत बसलाय, घशातून खरवडून काढलेला ‘ह’. संस्कृत अस्थि, हित्ती हश्ताइ. अन्ति म्हणजे जवळ, तिथे हन्ति म्हणजे समोर. अवि म्हणजे मेंढी, लुवियनमध्ये हावि. आपण अस्थी म्हणतो तेव्हा पुढचा एक घास गिळलेला असतो.

संस्कृत कुठे नडतं? ओळखीचा शब्द दिसला की आपण अर्थ गृहीत धरतो. ‘दा’ म्हणजे देणं ना? हित्तीत ‘दा’ म्हणजे घेणं! माझी पहिली परीक्षा त्यावर गेली. राजा प्रजेला दान करतोय असं मी लिहिलं आणि तो बिचारा लुटत होता. शिवाय बरेच शब्द कुठल्याच ओळखीच्या भाषेत नाहीत. आणि लिपी आहेच, साधारण पावणेचारशे चिन्हं. बाराखडीची सवय असल्याने ता-ति-तु आपल्याला पटतं, पण इथे अत्-इत्-उत् यांचीही चिन्हं आहेत. एत्सात्तेनि लिहिताना ‘अत्-ते’ असा त दोनदा येतो. तो जोडाक्षर म्हणून नव्हे, तर ‘हा त आहे, द नव्हे’ हे सांगायला. हा नियम अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टर्टेवंटने पकडला.

पण मला खरी मदत झाली ती संस्कृतची नाही, मराठीची. हे वर्गात सांगितलं तेव्हा प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला होता.

आपण ‘मुलाने आंबा खाल्ला’ म्हणतो. कर्त्याला ‘ने’ लागतो, क्रियापद आंब्याकडे बघतं. हित्तीत पाणी, आग, शब्द असल्या नपुंसक नामांनी काही ‘केलं’ की त्यांना अगदी असाच ‘ने’ लागतो. वातर नाही, वेतेनान्त्स. ‘पाण्याने’. सजीव नामांना लागत नाही. जर्मन मुलांना हे समजावायला दोन तास लागले, मी मात्र म्हटलं, आमच्याकडे ‘मुलाने खाल्ला’ पण ‘मी खाल्ला’, ‘मीने’ कुणी म्हणतं का? कुणाला ‘ने’ लावायचा नि कुणाला नाही, ही भानगड आपण तिसऱ्या वर्षी शिकलेली असते. आपली काळावर आणि व्यक्तीवर चालते, त्यांची नामाच्या जातीवर. पण दचकणं वाचतं.

दुसरं, कुणाचं बोलणं सांगताना प्रत्येक वाक्यात एक ‘वा’ किंवा ‘वर’ चिकटवतात. ‘येतो म्हणे, पैसे आणतो म्हणे, उद्या देतो म्हणे.’ शंका राहू द्या बाजूला, पण ती लय तीच. आणि वाक्याच्या पहिल्या शब्दाला लहान लहान शेपट्या जोडत जायचं: नु-वर-अन-कन. आपले च, ही, तर, ना वाक्यात कुठेही बसतात, त्यांचे पहिल्या शब्दामागे रांगेने उभे. रेशनच्या दुकानासारखे. क्रम मोडला की चूक.

पुस्तक: थियो फान डेन हाउट यांचं छोटं पाठ्यपुस्तक (२०११) घ्या. टेक्सास विद्यापीठाचे ऑनलाइन धडे फुकट आहेत, ते आधी करा. हॉफनर-मेलचर्टचं व्याकरण लगेच घेऊ नका, ते उशाला ठेवायचं पुस्तक आहे, जाडीनेही.

पाटीपुस्तक (शनि, सकाळी ७:५५)

स्त्रीलिंग नाही म्हणजे आमच्या वर्गातली इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं तिथे पहिली आली असती. ‘तो पेन, ती पेन, ते पेन’ सगळं चालतं त्यांचं.

वाचनखूण साठवली आहे, ताई. दंडवत.

भूर्जपत्र (शनि, सकाळी १०:४०)

मराठीचा मुद्दा पटला. बाकीचा नाही.

संपादक (शनि, सकाळी १०:४५)

नोंद घेतली. आनंद झाला.

शाईदौत (तीन आठवड्यांनी, रवि, रात्री ९:१५)

धागा वर काढतोय, माफ करा.

टेक्सासचे दोन धडे झाले. चिन्हं डोक्यात बसेनात, म्हणून एक उद्योग केला. गणपतीची शाडू उरली होती, ती भिजवली, आइस्क्रीमची काडी तिरकी कापली. कळलं ते असं की हे लिहायचं नसतंच, टोचायचं असतं. ओढायला गेलं की माती कडेला फुगते आणि बाजूचं अक्षर बुजतं. काडीचा कोपरा दाबायचा, उचलायचा, वीट जरा फिरवायची, पुन्हा दाबायचा. ह्रोझनीचीच ओळ घेतली. एकुत्तेनिपाशी आलो आणि जागा संपली! शेवटची दोन चिन्हं कडेवरून मागे नेली. मिसेस म्हणाली, आधी मापून घ्यायचं ना. म्हटलं, त्यांनीही नाही घेतलं.

सावलीत वाळवली तरी निंदावरून आडवी तडा गेली.

आता प्रश्न. ‘वातर-मा’मधल्या ‘मा’चं मराठी काय करू? ‘पाणी मात्र प्याल’, ‘पाणी तर प्याल’ की नुसतं ‘आणि पाणी प्याल’?

पाटीपुस्तक (रवि, रात्री ९:४०)

‘मात्र’ जास्त होतं, जणू भाकरीला काही हरकत होती.

निवडुंग (रवि, रात्री ९:५२)

‘तर’ही नको. मा विषय बदलतो, आधी भाकरी, आता पाण्याकडे वळा, इतकंच. आणि वीट!! फोटो टाका.

टकमकटोक (रवि, रात्री १०:०१)

पाणीबिणी प्याल?

रिकीब (रवि, रात्री १०:०६)

कंदीपेढ्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलंय की. ‘भाकरी खाल, वर पाणी प्याल.’

कंदीपेढा (रवि, रात्री १०:०७)

मी??

शाईदौत (रवि, रात्री १०:१८)

‘वर’. ठरलं. दुसरी वीट करायला घेतो, ही जरा रुंद घेतो.